कच्चे दाणे

"हे भाजलेत," बेहेरे मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पिशवीत नाक घातलं होतं. मग एक दाणा काढून दोन बोटांत चोळला. साल सुटून टेबलावर पडलं. दाणा त्यांनी सवयीनं तोंडात टाकला, प्रयोगशाळेत काही खायचं नाही हा स्वतःचाच नियम आठवून क्षणभर थांबल्या, आणि आता काय करणार असा चेहरा करून चावून टाकला.

"मंद आचेवर भाजलेत. सुरेख. पण मला कच्चे हवे होते, शरयू. कच्चे म्हटलं होतं ना मी?"

"मी आईला कच्चेच सांगितलं होतं."

"मग तिनं भाजले. बरोबर आहे तिचं. दुसऱ्याच्या घरी कुणी कच्चे दाणे पाठवतं का? पित्त होईल म्हणून बोलणी बसतील." त्या हसल्या. "पण माझी आजची दुपार गेली. आता सोमवारी ये. आणि आईला नीट समजावून सांग, कशासाठी हवेत ते."

तेच तर मला करायचं नव्हतं.

मी इनक्युबेटरच्या काचेतून आत बघितलं. मधल्या फळीवर एक चपटी बाटली आडवी ठेवलेली होती. तळाशी फिकट पिवळं, जरासं गढूळ पाणी. बाटलीवर मार्करनं लिहिलेलं होतं, व्ही. के. म्हणजे वामन खळदकर. माझे वडील.

अण्णा पूल बांधणाऱ्या कंपनीत होते. शेवटचं काम उत्तर बिहारमध्ये, गंडक नदीवर. साइटजवळच्या गावात मातीच्या भिंतींचं घर भाड्यानं घेऊन राहायचे, शेजारी गोठा. त्या भिंतींच्या भेगांमध्ये राहणारी वाळूमाशी त्यांना कधी चावली ते कुणालाच कळलं नाही. ताप घेऊन पुण्याला आले. इथल्या डॉक्टरांनी आधी टायफॉइड म्हटलं, मग मलेरिया, मग क्षय. काळा आजार कुणाच्या डोक्यात यायला, पुण्यात तो बघितलाय कुणी? शेवटी एका तरुण डॉक्टरांनी हाडातला मगज काढून तपासायला पाठवला. ती नळी थर्मासमध्ये घालून रिक्षानं या संस्थेत मीच आणली होती. तेव्हा बाहेरची सगळी कामं माझ्याकडे होती: नमुने पोचवणं, रिपोर्ट आणणं, औषधं शोधत फिरणं. खोलीत आई असायची.

मॅडमनी त्या मगजातून परजीवी वाढवून दाखवला, आणि रोगाचं नाव कळलं. पण नाव कळून उपयोग झाला नाही. त्या भागातल्या परजीवींना नेहमीचं इंजेक्शन पचायला लागलं होतं.

अण्णा गेल्यावर वर्षभरानं मॅडम मला लायब्ररीत भेटल्या. मी तिथे नोकरीला लागले होते. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा परजीवी अजून चालू आहे बरं का माझ्याकडे." डॉक्टरमंडळी बोलतात तसं, झाड चांगलं वाढलंय असं सांगावं तसं. मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाल्या, "सॉरी. मी मूर्ख आहे."

त्याच शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी काचपट्टीवर एक थेंब घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. लांबट, पुढे एक शेपटी असलेले, शेपटी पुढे करून पोहणारे शेकडो जीव. मी बघत राहिले. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक शनिवारी जात राहिले. आईला सांगितलं होतं, जर्मनच्या क्लासला जाते.

मॅडमना कुणीतरी ऐकणारं हवं असायचं. त्यांचा सगळा जन्म या जिवांच्या अंगावरच्या साखरेत गेला होता. "साखर म्हणजे चहातली नव्हे," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "याच्या अख्ख्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं एक लव असलेलं पांघरूण असतं. लहानपणी, माशीच्या पोटात असताना, ते आखूड असतं. टोकाची साखर उघडी असते, तिनं तो माशीच्या आतड्याला चिकटून राहतो. मोठा झाला, माणसाला आजारी पाडायच्या लायकीचा झाला, की पांघरूण लांब होतं आणि ती टोकाची साखर आत दडते. मग तो सुटतो. माणसाच्या अंगात गेला तरी आपलं रक्त त्याला सहजी मारू शकत नाही. सगळी करामत पांघरुणाची."

आणि लहान कोण, मोठा कोण हे ओळखायला उपयोगी पडायचा शेंगदाणा. कच्च्या दाण्यात एक प्रथिन असतं, ते नेमकी ती उघडी साखर धरतं. दाण्याचं पाणी घातलं की लहान परजीवी एकमेकांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे होऊन तळाशी बसतात. ज्यांची साखर दडलेली, ते वर तरंगत राहतात. दाणा भाजला की ते प्रथिन मरतं, कुणालाच धरत नाही. तयार मिळणारी त्याची बाटली संपली होती आणि नवी मागवायची मंजुरी येत नव्हती, कारण मॅडम महिनाअखेर निवृत्त होणार होत्या.

त्यांच्या निवृत्तीचाच प्रश्न होता. दिवाळीच्या सुट्टीत द्रवरूप नायट्रोजनचं पिंप कुणी भरलं नाही, आणि गोठवून ठेवलेले सगळे नमुने गेले. अण्णांच्या परजीवीची ही एकच बाटली उरली. "आणि बाटलीत वर्षानुवर्षं आयतं खाऊन खाऊन हे बावळट होतात," मॅडम म्हणाल्या होत्या. "मोठं व्हायचंच विसरतात. मी यांना गेला आठवडाभर नवं अन्न घातलेलं नाही. उपाशी राहिले की मोठे होतात, होणारे असतील तर. सगळेच्या सगळे तळाशी बसले, तर यात काही उरलं नाही. टाकून द्यायचं. काही तरंगले तर बघू."

मी घरी आले ती त्या एका वाक्याचा विचार करत. काही तरंगले तर. म्हणजे मला काय हवं होतं, तर अण्णांना ज्यानं खाल्लं तो अजून माणूस खाऊ शकतो असं निघावं. तरच तो जगणार होता.

आई स्वयंपाकघरात साबुदाणा भिजवत होती. मी पिशवी ओट्यावर ठेवली.

"का? आवडले नाहीत तुझ्या बाईंना?"

"त्यांना कच्चेच हवे होते."

"कच्चे? अगं, उपासाला कूट करायचं तर भाजायला नकोत? मी म्हटलं एकटी बाई, नोकरी करते, तेवढाच तिचा त्रास वाचेल."

"उपासाला नाही हवेत त्यांना."

"मग जर्मन शिकवायला कच्चे दाणे कशाला लागतात?"

मी हसले आणि हसता हसता सांगून टाकलं. सगळं. आई हात साबुदाण्यात तसाच ठेवून ऐकत होती. ही जुनी गोष्ट झाली; आता आईही नाही, गेल्या पावसाळ्यात ती गेली. मी तिच्या उशाशी होते. शेवटच्या दिवसांत ती पुष्कळ काही बोलली, पण तिचा आवाज आठवायला गेले की मला त्या संध्याकाळचा ऐकू येतो.

"म्हणजे तो जिवंत आहे?" तिनं विचारलं.

"तो म्हणजे तोच नाही गं. त्याचीच पुढची..."

"कळलं. जिवंत आहे." तिनं हात निथळला. "आणि तू त्याला भेटायला जातेस."

मी ओट्यावरची पिशवी उचलून बाजूला ठेवली.

"वर्षश्राद्धाला भटजी बसले होते, तेव्हा तुला लायब्ररीत काम निघालं. तिकडे बरा वेळ होतो."

ती आणखी बोलेल असं मला वाटलं. पण तिनं साबुदाण्यावर झाकण ठेवलं आणि देवापाशी दिवा लावायला गेली.

सोमवारी मी रजा टाकली होती. सकाळी आंघोळ करून बाहेर आले, तर आई इस्त्रीचं पातळ नेसून दारात उभी. हातात पिशवी.

"कच्चे आहेत. काल मुद्दाम आणले. चल."

बेहेरे मॅडम आईला बघून गडबडल्या. खुर्चीवरचा फायलींचा ढीग उचलून कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. आईनंच तो त्यांच्या हातून घेऊन खिडकीत ठेवला.

"खळदकर बाई, मी हे आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"तुम्ही रोगाचं नाव सांगितलंत. तेव्हा बाकी कुणाला सांगता येत नव्हतं." आईनं पिशवी पुढे केली. "हे घ्या. सालं काढायची का?"

"काढली तर बरं."

"पाट्यावर वाटायचेत?"

"मिक्सर आहे."

"तुमच्याकडे पण मिक्सरच?" आई म्हणाली, आणि मॅडमना हसू फुटलं.

आईनं साडीच्या ओच्यात पेपर पसरला आणि सालं काढायला बसली. कच्च्या दाण्याची सालं सुटत नाहीत, नखानं सोलावी लागतात. तिनं अर्धेच दाणे घेतले, बाकीचे पिशवीत राहू दिले. मग मॅडमनी ते वाटले, मिठाच्या पाण्यात कालवून ठेवले, गाळले, यंत्रात गरगर फिरवले. आई प्रत्येक गोष्ट बघत होती, शेजारणीचा नवा पदार्थ बघावा तशी.

मधल्या वेळात मॅडमनी काचपट्टी लावली. "बघायचंय?"

आईनं चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग बराच वेळ ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होती.

"केवढी धावपळ चाललीय," ती म्हणाली.

"दिवसभर तेच."

"बाई, यात ह्यांचं काही आहे का हो?"

मॅडम तिच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "नाही. दर थोड्या दिवसांनी मी यातला एक थेंब नव्या अन्नात टाकते, बाकीचं फेकते. अशा किती पिढ्या झाल्या. ह्यांच्या अंगातलं यात काही उरलेलं नाही. कणभरही."

इतक्या शनिवारांत मी हा प्रश्न कधीच विचारला नव्हता.

"हं," आई म्हणाली.

दुपारी मॅडमनी बाटलीतलं थोडं गढूळ पाणी एका उभ्या नळीत काढलं आणि त्यात दाण्याचं पाणी घातलं. नळी हलवून स्टँडमध्ये ठेवली. आम्ही तिघी तिच्यासमोर बसलो. आधी काहीच दिसेना. मग पाण्यात पांढरट कण आले, दूध नासताना येतात तसे. कणांचे पुंजके झाले आणि सावकाश खाली बसायला लागले. वरचं पाणी निवळत गेलं. पार आरपार दिसायला लागलं.

"बसले," आई म्हणाली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वरच्या निवळ पाण्यातला थेंब घेतला, काचपट्टीवर ठेवला, नजर लावली. पट्टी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. मी त्यांच्या मानेकडे बघत होते.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "आहेत. थोडेच आहेत, पण आहेत. बारीक, चपळ. ये, बघ."

मी बघितलं. नेहमीची गर्दी नव्हती. रिकाम्या उजेडात इथे एक, तिथे एक, सुईसारखे निमुळते, लांब शेपटीचे, सरळ रेषेत सुसाट जाणारे. मला आनंद झाला होता, हे तेव्हाही कळत होतं.

"आता पुढे काय?" आईनं विचारलं.

"पुढे म्हणजे..." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "खरं सांगायचं तर आता याची कुणाला गरज नाही. तिकडचे नवे नमुने पुष्कळ आलेत, माझ्या जागी येणारा मुलगा त्यांच्यावर काम करील. पण हे थोडे जरी एका हॅमस्टरला टोचले, तर त्याच्या अंगात पुन्हा जोमानं वाढतील. मग त्याच्यातून काढून नीट गोठवून ठेवता येतील. शरयूची इच्छा असेल तर जाण्यापूर्वी टोचण्याचं तेवढं मी करून जाईन, पुढचं त्या मुलाला सांगून ठेवीन."

"हॅमस्टर म्हणजे?"

"उंदरासारखा असतो. जरा गुबगुबीत."

"त्याला काय होईल?"

"बाई, ते कशाला..."

"सांगा ना. पोट फुगेल?"

"फुगेल. प्लीहा वाढते."

"आणि हातापायांच्या काड्या."

"हो. वाळत जातो."

"खातो?"

"शेवटी नाही."

"शेवटी कुणी जवळ गेलेलं चालतं त्याला?"

मॅडमनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "कोपऱ्यात बसून राहतो. आपल्याकडे पाठ करून."

"हेही तसेच," आई म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून बसायचे. पाठीचे मणके मोजता यायचे. मी म्हणायची, जरा इकडे वळा, पेज तरी घ्या. तर म्हणायचे, शरू आली का बाहेर? तिला म्हणावं, आत नको येऊ."

मला हे माहीत नव्हतं. माहीत असायला मी त्या खोलीत असायला हवं होतं. दाराबाहेर एक बाक होता, त्यावर मी रिपोर्टांची फाइल घेऊन बसायचे. नर्स दार उघडायच्या तेव्हा मी फाइलीत बघायचे. अण्णांनी मला आत येऊ नको म्हटलं होतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी आपल्या मनानंच जात नव्हते. शेवटच्या दिवशी आई बाहेर आली आणि म्हणाली, "झालं. आत जाऊन ये." मी म्हटलं, येते. आणि उरलेली इंजेक्शनं परत करायला औषधाच्या दुकानात गेले. परत आले तोवर त्यांना चादरीत गुंडाळलं होतं.

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती नळीच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या गाळाकडे बघत होती.

"नको, मॅडम," मी म्हटलं.

"नक्की?"

"कुणालाच नको टोचायला."

मॅडमनी मान हलवली. कपाटातून ब्लीचची बाटली काढली. "मग यात हे ओतायचं आणि मोरीत सोडून द्यायचं. तुम्ही दोघी निघा. मी करते."

"मी करते," मी म्हटलं. "पण आधी ही पट्टी. मला बघायचंय."

मॅडमनी ड्रॉपर माझ्या हातात दिला आणि काचेच्या कडेला ब्लीचचा थेंब कसा सोडायचा ते दाखवलं.

आई उठली. "मी बाहेर बसते." दारापाशी गेल्यावर तिनं विचारलं, "दार लावू?"

"राहू दे उघडं."

मी थेंब सोडला आणि नजर लावली. आधी काहीच झालं नाही, ते आपल्या रेषांत जात राहिले. मग उजवीकडून सुरुवात झाली. एकाची शेपटी मंद झाली. त्यानं अंगाला एक झटका दिला, आक्रसून गोल झाला आणि तसाच राहिला. मग दुसरा. ब्लीचचा वास नाकात जात होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, दिसणं धूसर व्हायचं. मी डोळा मिटून पुन्हा उघडायचे, पण सूक्ष्मदर्शकापासून हलवला नाही. डाव्या कडेला एक बराच वेळ राहिला. पुढे जायचा, अडखळायचा, वळायचा. मी पट्टी त्याच्याबरोबर सरकवत राहिले. शेवटी तो एका जागी थरथरायला लागला. मग ते थरथरणंही थांबलं. तरी मी आणखी थोडा वेळ बघत बसले.

मग नळी, मग बाटली. ब्लीच ओतल्यावर पिवळं पाणी पांढुरकं झालं. बाटलीवरची अक्षरं मॅडमनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, आणि मला पुसायला सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. पिशवीतले उरलेले दाणे ती सोलत होती, काही कारण नसताना. ओचा सालांनी भरला होता.

"झालं?"

"झालं."

"शेवटपर्यंत होतीस?"

"होते."

ती सरकली. मी शेजारी बसले. तिनं मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

"कच्चे आहेत," ती म्हणाली. "जास्त खाऊ नकोस."

आम्ही खात बसलो. कच्च्या दाण्याला हिरवट चव असते, शेतातल्या मातीसारखी. समोर मैदानात माळी पाइप घेऊन लॉनला पाणी घालत होता.

"वर तरंगतायत म्हटल्यावर तुझा चेहरा बघितला मी," आई म्हणाली.

मी तोंडातला दाणा गिळला.

"हो," मी म्हटलं.

"हं." तिनं आणखी एक दाणा सोलला. तो खाल्ला नाही, नुसता बोटांत धरला. "मलाही बरं वाटलं."

मग ती उठली, ओच्यातली सालं कुंडीत झटकली आणि फाटकाकडे चालायला लागली.